सामान्यज्ञानाची दुकानदारी

दिवाळीचे चार दिवस म्हणजे पाहुण्यारावळ्यांचे दिवस. फराळाची ताटे बाहेर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ घरातले चिरंजीवही बाहेर आणले जातात. "बाळ, काकांना सांग बरं, जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?" बाळ सांगतो. "उंची किती?" बाळ तीही सांगतो. काका चकली मोडता मोडता "वा!" म्हणतात, आणि त्या शिखरावर जणू आपणच चढून आलो आहोत असे समाधान वडिलांच्या मुखावर पसरते. पण "बाबा रे, एवढा डोंगर मोजला तरी कसा?" असे मुलाला कोणी विचारीत नाही. मुलानेही ते कोणाला विचारू नये, अशी चोख व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली आहे. या व्यवस्थेला आपण सामान्यज्ञान असे भारदस्त नाव दिले आहे.

माझी तक्रार या व्यवस्थेविरुद्ध आहे. हा एक व्यापार आहे. पालक, प्रकाशक आणि मास्तर हे तिघे त्यातले भागीदार आहेत, आणि माल म्हणून विकले जाते ते मुलाचे कुतूहल. एका पानावर पन्नास प्रश्न, त्यांच्यासमोर पन्नास उत्तरे. चंगीझखानाशेजारी चिंपांझी आणि चिंपांझीशेजारी चेरापुंजी! या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारण्याची सोय त्या पुस्तकात नाही. ज्ञानाचा सगळा जीव संबंधात असतो. संबंध तोडून टाकला की उरतो तो भंगाराचा ढीग, आणि भंगार वजनावरच विकावे लागते. म्हणून तर मुखपृष्ठावर अभिमानाने छापलेले असते : दहा हजार प्रश्नोत्तरे!

त्या शिखराचीच गोष्ट घ्या. एव्हरेस्ट मोजणारी माणसे त्याच्या पायथ्याशीदेखील गेली नव्हती. नेपाळात प्रवेश नव्हता, म्हणून शंभराहून अधिक मैलांवरच्या सपाट मैदानातून त्यांनी दुर्बिणी रोखल्या, कोन मोजले, आणि राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने कागदावर आकडेमोड करून ते शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे दाखवले. १८५६ साली जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. पुढे तो आकडा बदलत गेला. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. शाळेत आपण जो त्रिकोण शिकतो, ज्याच्या नावाने पोरे बोटे मोडतात, त्याच त्रिकोणाने हिमालय मोजला गेला! ही हकीकत एकदा ऐकलेले पोर भूमितीच्या तासाला पेंगणार नाही. पण आपण त्याच्या हाती नुसता आकडा ठेवतो आणि वर बजावतो की, चुकलास तर अर्धा गुण जाईल.

नुसत्या उत्तरावर जगणाऱ्याची फजिती कशी होते, हे २००६ साली दिसले. प्रागमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले. "ग्रह किती? नऊ!" असे घोकलेल्यांना वाटले की, कोणीतरी आपल्या खिशातून एक ग्रह चोरला. ग्रह कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, हा वाद ज्याला ठाऊक होता त्याला त्या दिवशी काहीच गमावल्यासारखे वाटले नाही. उलट गंमत वाटली. शास्त्र म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे, हे त्याला उमगले होते.

हे झाले लांबचे. आता आपल्या कोल्हापुरात या.

"ग्रीकांचा समुद्रदेव कोण?" असे विचारा, हुशार मुलगा "पोसायडन" म्हणून मोकळा होईल. पण या पोसायडनची रोमन काळातली एक छोटी कांस्यमूर्ती आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली, आणि ती आपल्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाचे भूषण झाली, हे त्याला ठाऊक असेल का? आणि ठाऊक असले तरी, समुद्राचा हा देव घाट चढून करवीरात आला कसा, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील का? तो प्रश्न धरला की पोर सातवाहनांच्या राज्यात जाते, अरबी समुद्रावर मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर येणारी गलबते पाहते, कोकणातल्या बंदरांतून घाटांवर चढणारे बैलांचे तांडे पाहते, आणि हिंदुस्थानच्या मालापायी आपले सोने वाहून जाते म्हणून रोमच्या प्लिनीने केलेली कुरकुरही त्याच्या कानी पडते. इतिहास, भूगोल, वारा, व्यापार, शिल्पकला, सगळे एका मुठीएवढ्या मूर्तीत! दहा हजार प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात ही मूर्ती मावत नाही, कारण तिचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

"मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे लेखक कोण?" वि. स. खांडेकर. "कोणत्या कादंबरीसाठी?" ययाति. शाबास! दोन गुण. खांडेकर याच कोल्हापुरात राहिले आणि इथेच त्यांनी अखंड लिहिले. पण ती कादंबरी उघडून पाहिलीस का, असे त्या दोन गुणांच्या धन्याला विचारा. तो तुमच्याकडे असा पाहील की, जणू तुम्ही अभ्यासक्रमाबाहेरचे काहीतरी विचारलेत. ज्याचे नाव पाठ आहे ते वाचायची गरज उरत नाही, अशी या दुकानदारीची शिकवण आहे.

आता जी गोष्ट सांगतो ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. "पंचगंगेच्या पाच नद्या सांगा." कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. आमच्याकडे दुसरीतले पोरही हे तालावर म्हणून दाखवील. पण २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा हे पाठांतर कोणाच्या उपयोगी पडले? या बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला आभाळ मोकळे दिसत होते आणि पायाखाली पाणी चढत होते. गावेच्या गावे उठली. दावणीची जनावरे सोडून द्यावी लागली. घराघरांत चिखल भरला.

पाऊस पडतो कुठे आणि पूर येतो कुठे, हे समजण्यासाठी पदवी लागत नाही. समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्री चढतात, वर जाऊन गार होतात आणि गगनबावड्याच्या अंगाला धो धो कोसळतात. घाट ओलांडून पूर्वेला जावे तसा पाऊस कमी कमी होत जातो. शिरोळला तो बावड्याच्या मानाने अगदीच थोडा. पण नद्या वाहतात पश्चिमेकडून पूर्वेकडे. बावड्याचे पाणी शिरोळला जायचेच. त्यातून पंचगंगेला पुढे उतार बेताचा, आणि नृसिंहवाडीला तिला ज्या कृष्णेत मिसळायचे ती कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी अडते, मागे फुगते आणि बांध सोडून रानात शिरते. अलमट्टीचे नाव निघाले की आपल्याकडे पारावर आणि पेठेत हिरिरीने वाद होतात. जरूर व्हावेत. पण उतार म्हणजे काय, फुगवटा म्हणजे काय, धरणातून किती पाणी सोडले हे कसे मोजतात, यातले काही ठाऊक नसेल, तर तो वाद नुसता घशाच्या ताकदीवर चालतो. पाच नद्यांची नावे येणारा आणि पाणी कुठून येऊन कुठे अडते हे न जाणणारा नागरिक आपण घडवतो आहोत. पुढचा पूर त्याची तोंडी परीक्षा घेणार नाही; थेट घरात शिरेल.

या दुकानदारीचे दुसरे पाप याहून मोठे आहे. ती खऱ्या जाणत्या पोराला अडाणी ठरवते. गुऱ्हाळावर वाढलेला पोर पाहा. काहिलीतल्या रसाला उकळी कधी येईल, भेंडीचा चीक घातला की मळी वर कशी येते, चुलवाणात चिपाड किती सारायचे, पाक झाला हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून कसे ओळखतो, हे सगळे त्याला ठाऊक असते. हे रसायनशास्त्र नव्हे, तर दुसरे काय आहे? पण परीक्षेत त्याला कॅनडाची राजधानी विचारतात. ती त्याला येत नाही, आणि वर्गात त्याचा "ढ" होतो.

मी म्हणतो, त्याच्या काहिलीपासून जगाला सुरुवात करा! उसाची लागवड माणसाने पहिल्यांदा केली ती न्यू गिनी बेटात. आपल्या 'शर्करा' या शब्दाचे फारशीत शकर झाले, अरबीत सुक्कर झाले आणि तोच शब्द युरोप फिरून इंग्रजीत शुगर होऊन बसला. १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने ऊस अटलांटिकपलीकडे नेला, आणि पुढे त्या उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे साखळदंडांत बांधून नेण्यात आली. उलट दिशेने त्याच अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे मिरची आली. ज्या तांबड्या रश्श्याची आपण ऐट मिरवतो, त्याचा तिखटपणा मूळचा सातासमुद्रापलीकडला! हे त्या गुऱ्हाळावरच्या पोराला सांगा. त्याची मान ताठ होईल, कारण जगाची गोष्ट त्याच्या अंगणातून जाते, हे त्याला कळेल. मग कॅनडाची राजधानी तो आपण होऊन शोधील.

माझे हे म्हणणे ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, बोलणे सोपे आहे. पोरांना नोकरीच्या परीक्षा द्यायच्या असतात आणि तिथे हेच विचारतात." खरे आहे. खेड्यातून येऊन कोंदट खोलीत राहणारा, मेसचा डबा खाऊन अभ्यासिकेत रात्री जागवणारा तरुण मी रोज पाहतो. त्याला नावे ठेवण्याचे पाप मी करणार नाही. पाठांतरालाही माझा विरोध नाही. पाढे पाठ हवेत, सनावळीही हवी. गोठ्यात खुंटे हवेतच. पण नुसतेच खुंटे ठोकून ठेवले आणि दावणीला जनावर एकही नाही, तर त्याला गोठा कोण म्हणेल? माझा राग त्या तरुणावर नाही. ज्ञानाची परीक्षा म्हणून स्मरणाची परीक्षा घेणाऱ्यांवर आहे, आणि परीक्षेची तयारी तिसरी-चौथीपासून सुरू करून पोराची जिज्ञासा मारून टाकणाऱ्यांवर तर फारच आहे. आता कोणतेही सुटे उत्तर खिशातल्या यंत्राला विचारले की दोन पळांत मिळते. ते यंत्र हाती असताना मुलाला यंत्र बनवण्याचा हा अट्टहास कशासाठी?

आपली परंपरा अशी कोती नव्हती. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या विशीत ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत उभे केले. त्यांच्या पहिल्याच खंडाचे नाव होते 'हिंदुस्थान आणि जग'. त्या नावातला 'आणि' मला फार मोलाचा वाटतो. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर आला. या माणसांना मराठी वाचकाच्या दारात सगळे जग आणून ठेवायचे होते. ते जग आपण चार पर्यायांत कोंबले : अ, ब, क, ड.

आणि आमच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. मला कधीकधी वाटते, आज "का?" विचारणाऱ्या पोराला "गप्प बस" म्हणून दटावणाऱ्या प्रत्येक पालकाला आणि मास्तराला तसाच एक रुपया दंड ठेवावा. महानगरपालिकेला दुसरी पट्टी बसवावी लागणार नाही!

तेव्हा वाचकहो, यंदा एवढे करा. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना परंपरेने किरणोत्सव होतो. मावळतीचे ऊन महाद्वारातून आत येते आणि देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढत जाते. मुलाला घेऊन जा. हात जोडू द्या, डोळे भरून पाहू द्या. मग घरी आल्यावर विचारा की, हेच किरण पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला का येतात? उत्तर सांगू नका. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान त्याच्या पुढ्यात ठेवा आणि २१ डिसेंबरपासून मागेपुढे दिवस मोजायला लावा. मागे ४१, पुढे ४२! दक्षिणेकडे सरकत जाणारा सूर्य ज्या जागी मावळताना दिसला होता, तिथेच तो परतीच्या वाटेवर पुन्हा मावळतो, हे त्याचे त्याला सापडेल. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांनी आकाश किती निरखून पाहिले असेल, हेही त्याला उमगेल. त्या संध्याकाळी पाहुणे आले तर त्याला प्रश्न विचारू नका; त्यालाच पाहुण्यांना विचारू द्या.