जुना ट्रॅक्टर घेताना : ताकद पाहावी की सोय?



कापसाचे पैसे हाती येतात, उसाचे बिल निघते आणि आपल्या गेवराई तालुक्यात जुन्या ट्रॅक्टरांच्या सौद्यांना सुरुवात होते. नवा ट्रॅक्टर सगळ्यांच्याच आवाक्यात नसतो. त्यामुळे कुणाचा तरी वापरलेला ट्रॅक्टर बघायला चार माणसे, एक मिस्त्री आणि एखादा मेहुणा अशी मंडळी निघतात. परतताना बहुधा चारांची चार मते झालेली असतात.

तलवाड्यातील एका घरात सध्या असाच वाद पडला आहे आणि निवाड्यासाठी मला मध्ये घेतले आहे. जमीन बारा एकर, निम्मी बागायत. ट्रॅक्टर घरच्या शेताला लागेलच, शिवाय दुसऱ्यांची रोटाव्हेटरची कामे भाड्याने करायची आणि हंगामात उसाची वाहतूक धरायची, असा बेत आहे. वडिलांचा जीव एका जुन्या एचएमटी ५९११ वर जडला आहे. साठीच्या घरातली अश्वशक्ती, लोखंड भरपूर, आवाज भारदस्त. मुलाने दहा-बारा वर्षांचा पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाहून ठेवला आहे. त्याला पॉवर स्टिअरिंग आहे, तेलातले ब्रेक आहेत, डबल क्लच आहे. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगितली जात आहे. वडिलांचे म्हणणे असे की मुलाला सुखाची सवय लागली. मुलाचे म्हणणे असे की स्टिअरिंगवर बसायचे मला आहे.

वडिलांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपल्या ओळखीच्या एचएमटीने १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरच्या सहकार्याने २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला. तो हरियाणातील पिंजोरच्या कारखान्यात तयार होई. त्याच वर्षी एस्कॉर्ट्सने फोर्ड ट्रॅक्टर आणले. १९७४ मध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर पंजाबात स्वराज ट्रॅक्टर तयार झाला. या पिढीतली यंत्रे साधी, वजनदार आणि मिस्त्रीच्या हाताला सोपी होती. पाना आणि हातोडा घेऊन बांधावर दुरुस्ती व्हायची. आपल्या काळ्या चिकट जमिनीत उन्हाळी नांगरट करायची तर ट्रॅक्टरला वजन हवेच. वजन नसेल तर चाक नुसते फिरते आणि डिझेल जळते.

आणखी एक गोष्ट जुन्याच्या बाजूने बोलते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्या गटात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारी इंजिने आली. डिझेल वाचते, धूर कमी होतो, हे खरेच आहे. पण सेन्सर बिघडला तर गावातला मिस्त्री हात वर करतो आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. म्हणूनच जुन्या दणकट ट्रॅक्टरांना अलीकडे पुन्हा मागणी दिसते.

तरीही केवळ ताकदीवर सौदा ठरवू नये. माझा विचार असा आहे. सोयींचे दोन ढीग करावेत. काही सोयी अशा की ट्रॅक्टर घेतल्यावर पुढेमागे बसवून घेता येतात. काही सोयी ट्रॅक्टरच्या पोटातच असतात. त्या नसल्या तर नंतर हजारो रुपये ओतूनही नीट येत नाहीत. जास्तीचा पैसा द्यायचा तो दुसऱ्या ढिगासाठी.

त्या ढिगात पहिला मान ब्रेकचा. याला लोक सोय का म्हणतात हे मला कळलेले नाही. जुन्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांना सुके ब्रेक असत. त्यात चिखल, पाणी, धूळ शिरते, लायनिंग झिजते आणि धुरीकडचे सील गळू लागले की लायनिंगवर तेल येऊन पाय दाबला तरी चाक घसरतच राहते. तेलातल्या ब्रेकच्या चकत्या बंद घरात तेलात फिरतात. त्या थंड राहतात, चिखल लागत नाही आणि पुष्कळ दिवस टिकतात. ही रचना मागच्या धुरीच्या घरातच असते, म्हणून सुक्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला ती वरून चिकटवता येत नाही.

शेतात नांगर ओढताना ब्रेकचे काम थोडेच असते, कारण नांगरच ट्रॅक्टरला धरून ठेवतो. खरी परीक्षा रस्त्यावर होते. दोन ट्रॉल्या ऊस भरून ट्रॅक्टर धुळे-सोलापूर महामार्गाला लागतो, तेव्हा मागचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या कितीतरी पट असते आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. उतारावर तो सगळा भार मागून रेटतो आणि ट्रॅक्टरची दोन मागची चाके तेवढी त्याला अडवायला असतात. तलवाड्याच्या त्या घरात बाप-लेक अश्वशक्तीवर भांडत असताना घरातल्या बाईंनी एकच विचारले, की रात्री उसाची खेप आणताना यातला कुठला ट्रॅक्टर वेळेवर उभा राहील? माझ्या मते साऱ्या चर्चेतला तोच एक कामाचा प्रश्न होता.

ब्रेकची परीक्षा स्वतः करावी. मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगात, आधी डावा, मग उजवा पेडल वेगळा दाबून पाहावा. नंतर दोन्ही पेडल कडीने जोडून एकदम दाबावेत. मातीवर दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या उमटल्या पाहिजेत. एक चाक आधी धरत असेल तर भरधाव ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जाऊन उलटू शकतो. ती कडी जागेवर आहे का तेही बघावे. कितीतरी ट्रॅक्टरांची कडी हरवलेली असते आणि रस्त्यावरही माणसे एकेका पेडलवर चालवतात.

दुसरी पोटातली सोय म्हणजे डबल क्लच. साध्या एकेरी क्लचमध्ये पाय दाबला की ट्रॅक्टरही थांबतो आणि पीटीओचा दांडाही थांबतो. डबल क्लचमध्ये पाय अर्धा दाबला की फक्त ट्रॅक्टर थांबतो, दांडा फिरतच राहतो. पूर्ण दाबला की दोन्ही थांबतात. रोटाव्हेटर ढेकळात अडकला की चाल थांबवून पाती फिरत ठेवता येतात आणि माती मोकळी झाली की पुढे जाता येते. एकेरी क्लचवर पातीही थांबतात, मग मातीत रुतलेला रोटाव्हेटर पुन्हा सुरू करताना सारा भार क्लचप्लेटवर येतो. भाड्याने रोटाव्हेटर चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच हंगामात कळतो. उलट, ज्याला ट्रॅक्टर एका जागी उभा करून मळणी यंत्रच चालवायचे आहे, त्याला डबल क्लचसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याचे काम एकेरीवर भागते.

विकणारा ‘डबल क्लच आहे’ म्हणाला की मान डोलावू नये. अवजार न लावता, आसपास कुणी नाही असे बघून पीटीओ सुरू करावा आणि ट्रॅक्टर हळू चालवत क्लच अर्धा दाबावा. चाके थांबून दांडा फिरत राहिला तरच ते खरे. काही ट्रॅक्टरांना पीटीओच्या क्लचसाठी वेगळा हातदांडा असतो, तो असेल तर तोही चालवून पाहावा.

दांड्याचा विषय निघालाच आहे तर त्यावरचे झाकणही बघा. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, उपरणे, धोतराचा सोगा किंवा सैल बाही त्यात सापडली तर माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरांवर हे झाकण हमखास काढून फेकलेले असते. ते थोडक्या पैशांत मिळते. ट्रॅक्टर घरी आल्यावर पूजेचा नारळ फुटण्याआधी बसवून घ्यावे.

लिफ्टबद्दल थोडेसे. नांगराची खोली आपोआप सांभाळणारी रचना हॅरी फर्ग्युसन यांनी १९३० च्या दशकातच ट्रॅक्टरवर आणली होती. तेव्हा जुन्या ट्रॅक्टरात ही सोय नसेलच असे धरून चालू नये. तीही पोटातलीच आहे, म्हणून चालते की नाही ते पाहावे. अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि चहा होईस्तोवर थांबावे. अवजार जागच्या जागी राहिले तर ठीक, झरझर खाली आले तर लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावे. पलटी नांगर हायड्रॉलिकवर पलटायचा असेल तर त्यासाठी लागणारा जादा व्हॉल्व बाहेरून बसवता येतो, त्यावरून सौदा मोडू नये.

आता पॉवर स्टिअरिंग, ज्यावरून बाप-लेकांत एवढे वाजले. माझे मत मुलाच्या बाजूने आहे, पण त्याचे कारण सुख हे नाही. हिशेब करून बघा. शेताची लांबी शंभर मीटर आणि रोटाव्हेटर पाच फुटी, म्हणजे दीड मीटर धरला, तर एका एकराला सत्तावीस फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला एक वळण. दिवसात चार एकर केले तर शंभरावर वळणे झाली आणि प्रत्येक वळणाला भुसभुशीत रानात पुढची चाके खांद्याच्या जोरावर वळवायची. संध्याकाळी हात गळून जातात आणि थकलेला माणूस रात्री ट्रॉली घेऊन रस्त्याला लागतो. वडिलांनी तरुणपणी हे केले असेल, त्यांच्या मनगटाला नमस्कार. पण त्या काळी ट्रॅक्टर दिवस मावळला की घरी येत असे.

मात्र ही सोय पहिल्या ढिगातली आहे. बऱ्याच जुन्या मॉडेलांना पॉवर स्टिअरिंग मागाहून बसवता येते. जाणत्या फिटरकडून, चांगल्या पंपासह बसवावे. भंगारातले भाग जोडून नको, कारण स्टिअरिंग रस्त्यावर दगा देते तेव्हा दुसरी संधी मिळत नाही. सौदा करतानाच त्या खर्चाचा अंदाज घेऊन किंमत पाडून मागावी.

सीटही तशीच. जुन्या ट्रॅक्टरची पत्र्याची सीट कमरेला धक्के देते. स्प्रिंगची चांगली सीट बदलून घ्यावी. गिअरचा दांडा बाजूला असला तर चढणे-उतरणे सोपे जाते, विशेषतः साडी नेसून ट्रॅक्टर चालवणाऱ्या भगिनींना. आता अशा भगिनी आहेत, हे पुरुषमंडळींनी लक्षात घ्यावे. पण तो बाजूला नाही म्हणून ट्रॅक्टर टाकून देऊ नये. दिवे आणि ट्रॉलीमागचे लाल चकाकणारे पट्टे अत्यावश्यक आहेत आणि स्वस्तही. मोबाइल चार्जर, गाण्यांचा डबा आणि रंगीत छत यांसाठी विकणारा जादा पैसे मागत असेल तर त्याला ते काढून ठेवायला सांगावे.

तलवाड्याच्या त्या कुटुंबाला मी सांगितले ते असे. केवळ स्वतःच्या रानात नांगरट करायची असती, तर वडिलांच्या मनासारखे करा म्हणालो असतो. पण कमाईचा बेत रोटाव्हेटरच्या भाड्यावर आणि उसाच्या खेपांवर आहे. त्या कामाला डबल क्लच आणि भरवशाचे ब्रेक लागतात. मग पंचेचाळीस अश्वशक्तीचा घ्या आणि ट्रॉल्या दोन न लावता एकच लावा. खेपा वाढतील, दर खेपेला पैसे कमी सुटतील. हे मुलाला रुचले नाही. साठीची ताकद नाही म्हटल्यावर वडिलांनाही रुचले नाही. त्यात एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे त्याचे सुटे भाग आता कंपनीकडून नव्हे, बाजारात हिंडून मिळवावे लागतात. जो मिस्त्री तो ट्रॅक्टर घ्या म्हणतो, त्यालाच गिअरबॉक्सचे भाग कुठून आणणार ते विचारावे.

किमतीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला तर जुन्याचीही किंमत उतरली पाहिजे. विकणारा आधीचाच भाव सांगत असेल तर शोरूममधला आजचा भाव लिहून नेऊन त्याच्यापुढे ठेवावा.

आणि कागदपत्रे. आरसी बुकावरचा इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक ट्रॅक्टरवर प्रत्यक्ष वाचून जुळवावा. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरल्याचे पत्र आणि नमुना ३५ घ्यावा. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तेव्हा मुदत संपली असेल तर ती वाढवून देण्याची जबाबदारी कुणाची हे आधीच ठरवावे. एमएच-२३ सोडून दुसऱ्या कार्यालयाकडचा ट्रॅक्टर असेल तर तिथला ना-हरकत दाखला लागेल का, हे बीडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. भाड्याची वाहतूक करणार असाल तर विमा त्या वापराला चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. नोटरीच्या स्टँपपेपरवर ट्रॅक्टर नावावर होत नाही. नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी, तीही बँकेमार्फत.