कंबर दुखते, सजदा कसा करायचा?

“मणक्यातली गादी सरकली आहे,” असे आपण घराघरांत ऐकतो. खरे तर ती जागा सोडत नाही. दोन मणक्यांमधली चकती फुगून मागे येते आणि शेजारच्या नसेवर दाबते. म्हणून दुखणे कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीपर्यंत उतरते आणि पायाला मुंग्या येतात. वाकताना, बसताना, खोकताना कळ वाढते.

दिलाशाची गोष्ट ही की बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनाशिवाय बरे वाटते. मात्र तेवढे दिवस अंथरुणाला खिळून राहू नये. एक-दोन दिवस विश्रांती, मग सोसवेल तेवढे घरातच चालणे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. पाण्याची कळशी उचलायची तर कमरेतून न वाकता गुडघे वाकवावेत. कपडे धुणे, फरशी पुसणे ही कामे काही दिवस घरातल्या इतरांनी, मुलग्यांनीसुद्धा, वाटून घ्यावीत. आपल्या अम्मी दुखणे लपवून तीच कामे करत राहतात.

नमाजच्या बाबतीतही असेच होते. खुर्चीवर बसले तर लोक काय म्हणतील, या संकोचाने कळ सोसत सजदा केला जातो. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना नबी (सल्ल.) यांनी त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढायला सांगितले होते. मग आपण संकोच कशाचा करायचा? रुकू-सजदा इशाऱ्याने करावा, सजद्यात मान रुकूपेक्षा थोडी अधिक झुकवावी. उभे राहता येते पण सजदा जमत नाही, अशा वेळी कियामबाबत हनफी व शाफई मतांत फरक आहे. तेवढे आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

‘नस बसवणाऱ्या’कडून कंबर झटक्याने ओढून घेऊ नये. व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच करावेत. पाऊल उचलता येईनासे झाले किंवा दोन्ही पायांत अशक्तपणा आला, जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे इस्पितळ गाठावे. ही लक्षणे, विशेषतः शेवटची, बायका शरमेने सांगत नाहीत. घरातल्यांनीच त्यांना आपुलकीने विचारावे.