यंत्रानं विचारलं, रुपये की पौंड?



गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने इंग्लंडात, लेस्टरला राहून आले. जाताना काय काय नेलं ते विचारू नका. डिंक, हळीव, सुंठ, खारीक, बाळासाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी, माझी माळ, पूजेचं पुस्तक. सगळ्याची वहीत यादी. बॅग तीनदा काट्यावर चढवली. आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात दोन कार्डं, एक माझ्या खात्याचं डेबिट कार्ड आणि दुसरं ह्यांच्या क्रेडिट कार्डावर माझ्या नावानं काढलेलं जोडकार्ड, "अडीअडचणीला असू दे" म्हणून ह्यांनी दिलेलं. त्या दोन कार्डांबद्दल मात्र वहीत एक ओळही नव्हती.

आज लिहायचंय ते त्याबद्दल. परदेशी कार्ड वापरताना पैसे कुठे गळतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आणि ते आपल्यालाच माहीत असायला हवं, घरातल्या पुरुषांना नव्हे, असं माझं ठाम मत झालंय.

झालं असं. नातवाला बाबागाडी घ्यायची होती. दहा-बारा वर्षं ब्लाउज शिवून जमवलेले माझे पैसे माझ्या खात्यात वेगळे ठेवलेत. त्यातूनच ती घ्यायची, हे मी सांगलीतून निघतानाच ठरवलं होतं. डिसेंबरात तिथे चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनलाच आमचं संध्याकाळचं जेवण उरकायचं. (सात वाजता पुन्हा भूक लागते, तो वेगळाच विषय.) तर जेवून, आवरून, पाचच्या सुमाराला दुकानात गेलो. गाडी पसंत केली. किंमत १८० पौंड. मी मोठ्या थाटात डेबिट कार्ड पुढे केलं. नाही चाललं. पुन्हा घातलं, तरी नाही. मागे रांग. लेक हळूच म्हणाली, "असू दे आई, मी देते." तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं, पण मला कसंतरीच झालं.

कार्ड का चाललं नाही? त्यात पैसे भरपूर होते. पण २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नवं कार्ड फक्त देशातच चालू असतं. परदेशातला वापर ग्राहकानं स्वतः चालू करून घ्यायचा. नियम चांगलाच आहे, चोरीला आळा बसतो. ॲपमध्ये एक बटण सरकवायचं काम. पण त्यासाठी ओटीपी येतो, आणि माझ्या खात्याला नंबर जोडलेला आहे ह्यांचा. लेस्टरला पाच वाजले होते म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेदहा. आमचे हे साडेनऊला झोपतात आणि झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतात. आता बोला.

मग मी हट्टानं जोडकार्ड काढलं. यंत्रावर दोन आकडे आले. एकीकडे पौंड, एकीकडे रुपये. विचारत होतं, कशात देणार? मला रुपये बघून इतकं हायसं वाटलं, की परमुलखात कुणीतरी मराठीत हाक मारावी. दाबलं रुपयांचं बटण. २०,०३४ रुपये. तीच माझी चूक.

घरी आल्यावर जावईबापूंनी पावती बघितली आणि समजावून सांगितलं. हिशेबाला सोपं पडावं म्हणून पौंड १०५ रुपयांचा धरू. १८० पौंडांचे होतात १८,९०० रुपये. यंत्रानं लावलेला भाव त्याच्या सहा टक्के वर होता. आपण रुपये निवडले, की पौंडाचा भाव व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवत नाही, तो यंत्र पुरवणारी कंपनी ठरवते. त्यातला नफा तिला आणि दुकानदाराला मिळतो. म्हणून तर ते एवढ्या अगत्यानं रुपयांत विचारतात. वर आपली बँकही सोडत नाही. परदेशात रुपयांत व्यवहार केला तरी काही बँका वेगळं शुल्क लावतात. आमच्या त्या कार्डाला एक टक्का आणि त्यावर जीएसटी लागला, म्हणजे आणखी २३६ रुपये. एकूण २०,२७० ला गाडी पडली.

पौंड दाबलं असतं तर? आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांना परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप असतो, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांमागे ४ रुपये १३ पैसे. तरीही १९,६८० मध्ये काम झालं असतं. आणि मार्कअपच नसलेलं कार्ड असतं (अशी डेबिट आणि क्रेडिट दोन्ही कार्डं आता मिळतात), तर १८,९०० च्या आसपास. तेराशे सत्तर रुपयांचा फरक, एका बटणावर आणि एका कार्डावर. एक जोडी ब्लाउज शिवून हातात किती पडतात ते मला माहीत आहे. म्हणून मला तो आकडा चांगलाच बोचला.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. यंत्र रुपये विचारो की आणखी काही, ज्या देशात उभ्या आहात त्या देशाचं चलन निवडायचं. दुकानातली मुलगी कधी कधी आपल्याला न विचारता स्वतःच रुपये दाबते. विचारणं तिच्यावर बंधनकारक आहे. पिन टाकण्याआधी आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघायचं, आणि रुपये दिसले तर शांतपणे रद्द करून पुन्हा करायला सांगायचं. एटीएमवर तर आणखी घाबरवतात. "हे रूपांतर स्वीकारता की नाकारता?" असं विचारलं जातं. नाकारलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटतं. येतात. नाकारायचं, पैसे तरीही येतात.

एटीएमचं आणखी एक. डेबिट कार्डावर परदेशात दर वेळी बँकेचं ठरलेलं शुल्क असतं, म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत. नुसती शिल्लक बघितली तरी बऱ्याच बँका पैसे कापतात. काही देशांत यंत्राचं भाडंही वेगळं पडतं. थायलंडला गेलेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल, तिथे बहुतेक यंत्रं परदेशी कार्डाला दर खेपेला २२० बाहत लावत आली आहेत, मग तुम्ही हजार काढा नाहीतर दहा हजार. आणि क्रेडिट कार्डानं रोख काढायचीच नाही. रोख काढण्याचं शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून. खरेदीला मिळते तशी महिना-दीड महिन्याची मुदत रोखीला नसते.

आता काही जणी म्हणतील, एवढी डोकेफोड कशाला, रोख न्यावी. माझ्या नात्यातल्या एक काकी पौंड बटव्यात घालून कमरेला खोचून हिंडल्या होत्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. लेस्टरच्या मंदिरात भांडारात टाकायला मलाही रोखच बरी वाटली. ते मंदिर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आहे. पूर्वी तिथे चर्च होतं, आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळ्यांना एकाच छताखाली जागा आहे, हे बघून मला फार बरं वाटलं. तिथे ५१ पौंड ठेवताना त्यातले दोन-तीन पौंड कुठल्या बँकेच्या वाटेला जाऊ नयेत एवढीच इच्छा होती. बेलग्रेव्ह रोडवर, ज्याला तिथे गोल्डन माइल म्हणतात, मिठाईच्या आणि भाजीच्या दुकानांतही सुटे पौंड कामी येतात. पण लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. तिथे काकींचा बटवा काय करणार?

दुसऱ्या जणी फॉरेक्स कार्ड सुचवतात. एकाच देशात राहायचं असेल तर चांगलं आहे. पौंड भरा, पौंडच खर्चा, भाव भरला त्या दिवशी ठरलेला. पण येताना दुबईला विमान बदलताना त्याच कार्डावर चहा घेतलात, की पौंडाचे दिर्‌हॅम होताना पुन्हा टक्के लागतात. आणि परत आल्यावर उरलेले पौंड त्या कार्डात तसेच पडून राहतात. वापरलं नाही म्हणूनही काही कार्डांना शुल्क लागतं. उरलेलं परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला परत करावं, असा नियम आहे. दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतं खरं, पण आपल्यासारख्यांना ते कशाला हवं?

एक मैत्रीण तर पाच कार्डं बाळगते. कुठे कुठलं स्वस्त, याचा तक्ता फोनमध्ये. परिग्रहाचं परिमाण कार्डांनाही लावावं की काय, असं मी तिला थट्टेनं म्हटलं. दोन पुरेत. दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या जागी ठेवलेली. एक हरवलं तर दुसरं असावं.

पण मैत्रिणींनो, हे टक्के आणि शुल्क शिकायला मला एक संध्याकाळ पुरली. माझी खरी अडचण वेगळीच होती. खातं माझ्या नावावर, पैसे माझ्या कष्टाचे, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. यात ह्यांचा काही दोष नाही. खातं उघडताना मीच म्हटलं होतं, "तुमचाच नंबर द्या, मला कुठे कळतात ते मेसेज." आपल्यातल्या कितीजणींची खाती अशी आहेत, ते जरा आपापल्या घरात बघा. कुणाच्या खात्याला नवऱ्याचा नंबर, कुणाच्या खात्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा, तर एखादीच्या खात्याला सासऱ्यांचा जुना, आता बंद पडलेला. इथे गावात असताना त्यानं काही अडत नाही. सात समुद्रापलीकडे, परक्या दुकानात, रांगेत उभं राहिल्यावर अडतं. अशा वेळी माणूस जे समोर येईल ते बटण दाबतं आणि मोकळं होतं. माझं डेबिट कार्ड चाललं असतं, तर मी शांत डोक्यानं वाचलं असतं. घाईनं आणि लाजेनं माझे जास्त पैसे गेले.

लेकीकडे असताना आपल्याला पैसे लागतातच कशाला, असं माझ्या जाऊबाईंचं म्हणणं. जावई काही कमी पडू देत नाहीत, हे खरं. पण नातवाच्या तोंडाकडे बघून हात पर्सकडे जातो, तेव्हा ती पर्स उघडणारी मीच असावी असं मला वाटतं. आणि रात्री-अपरात्री औषधाच्या दुकानात जावं लागलं, लेक-जावई दवाखान्यात आणि आपण एकट्याच बाहेर, तर? तेव्हा सांगलीला फोन करून ओटीपी विचारायचा?

ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सगळं करून दिलं, म्हणजे त्यांनी तिकडे ओटीपी वाचायचा आणि मी इकडे टाकायचा. तीन ओटीपी वाया गेले, कारण हे आकडे सावकाश, जोड्या पाडून सांगतात आणि तोवर वेळ संपते. चौथ्याला कार्ड चालू झालं. त्या कार्डानं मी बाळाचा लोकरीचा कोट घेतला, पौंड दाबून. पुढे माप लहान पडलं म्हणून परत केला, तेव्हा कळलं की परतावा त्या दिवसाच्या भावानं येतो आणि कापलेलं शुल्क मात्र परत येतंच असं नाही. माप नीट बघून घ्या.

परत आल्यावर चौथ्या दिवशी बँकेत गेले, नंबर बदलायचा अर्ज घेऊन. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. अर्ज वाचून म्हणाला, "काकी, काकांचा नंबर आहे की आधीच. कशाला बदलताय? मेसेज त्यांच्याकडे येतातच." मी म्हटलं, "येतात रे. आता माझ्याकडे येऊ देत." त्यानं आधार मागितलं, पॅन मागितलं, तीन ठिकाणी सह्या घेतल्या. परदेशात सिम चालू राहील ना, रोमिंग निघण्याआधी घरूनच सुरू करून घ्यायचं ना, हेही मी फोनच्या दुकानात विचारून आले. घरी पोचेपर्यंत काही झालं नाही. दोन दिवसांनी दुपारी गहू निवडत बसले होते, तेव्हा फोन वाजला. खात्यावर त्रैमासिक व्याज जमा झाल्याचा मेसेज होता. हे म्हणाले, "किती आले?" मी चष्मा शोधायला उठले.