क्रोमचं ग्लॅमर, काजळीचं कीर्तन

जुनी येझदी किंवा जावा हाती आली की आपली मंडळी आधी टाकीचा रंग बघतात, मग सीटचं कव्हर, मग फोटोसेशन. सायलेन्सरची आठवण सगळ्यात शेवटी. आणि तीही कशी? तर “बॅफल काढून टाक रे, आवाज कसला भारी येतो!” असा सल्ला देणारा मित्र प्रत्येक ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक तरी असतोच. त्याला चहा पाजा, पण हातात पाना देऊ नका.

टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबणारा डबा नसतो, बॉस. या इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत. जळका धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागोमाग थोडं ताजं पेट्रोलही सटकायला बघतं. सायलेन्सरमधून उलट फिरलेली दाबाची लाट त्याला परत आत ढकलते. बॅफल काढलात की हे गणित फिसकटतं. आवाज वाढतो, पिकअप बसतो, पेट्रोल वाया जातं. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ते वेगळंच.

माझ्याकडची रोडकिंग काकांची. काकांना आता गाडी झेपत नाही, पण गेटपाशी आलेली आपली गाडी ते कानाने ओळखतात. त्यामुळे ‘नवीन डुप्लिकेट सायलेन्सर टाकून मोकळा हो’ हा पर्याय माझ्यापुरता बादच. शिवाय आतली रचना वेगळी असली, तर नव्याचा आवाजही वेगळा.

पहिलं काम म्हणजे पाइपाचा रिंग नट सोडणं. त्याला हूक पाना लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकलेले नट तुम्ही शेकडो गाड्यांवर पाहिले असतील. तुटलेल्या फिन्स लांबूनही दिसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, घाई नको. मग मागचा भाग खोलून बॅफल बाहेर काढायचा. त्यावर वर्षानुवर्षांची काजळी आणि अर्धवट जळलेलं ऑइल, अगदी डांबरासारखं! कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो रात्रभर बुडवून ठेवायचा. हातमोजे आणि चष्मा मस्ट. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही पार्ट त्याच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, सोडा तो खातो.

आता क्रोम. चमक क्रोमची वाटते खरी, पण तो थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असतो. खरी करामत त्याखालच्या निकेलची आणि बफिंगची. त्यामुळे प्लेटिंगवाल्याला भाव विचारण्याआधी निकेल किती जाड देणार, ते विचारा. गंजाने पातळ झालेला पत्रा जास्त बफ केला तर भोक पडतं, हेही त्याच्याकडून आधीच वदवून घ्या. पाइपाच्या वळणावर येणारी निळसर झाक मात्र उष्णतेची. तिच्यासाठी पुन्हा प्लेटिंगचा खर्च करणं म्हणजे हौसेला मोल नाही असंच म्हणायचं.

बसवताना गॅस्केट नवीन टाका. पहिल्या राइडनंतर गाडी गार झाली की नट पुन्हा आवळा. जोडापाशी काळं तेलकट ओघळ दिसलं तर समजा लीक आहे.

नंतरची निगा तशी सोपी. ऑइल मोजून घाला, लिटरला साधारण ४० मिली. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं’ म्हणणारे काजळीचे खरे आश्रयदाते! रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करून बंद करण्यात पॉइंट नाही. धुरातलं पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. निघालातच तर वीस-पंचवीस मिनिटं चालवा. आणि गरम पाइपावर रेनकोट टेकू देऊ नका, त्याचा चिकटलेला डाग आठवडाभर छळतो.

आमच्या डाव्या सायलेन्सरला एक पोचा आहे, काकांच्या खंडाळा घाटातल्या पराक्रमाचा. प्लेटिंगवाला म्हणाला, काढून देतो. काका म्हणाले, हात लावायचा नाही. पोच्यासकट क्रोम करून आणलाय.