वीज कशाला, गरम पाणीच द्या!

‘तेल संपलेल्या विहिरीतून आता वीज!’ असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. जमिनीखाली उष्णता आहे, विहीर आधीच खोदलेली आहे. मग काय, पाणी खाली सोडा, तापवून वर आणा आणि दिवे लावा! ऐकायला भन्नाट वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यातही तेल-वायूच्या बंद विहिरी पुन्हा वापरण्याचा विचार आहे. कल्पना चांगलीच आहे. पण मला वाटतं, या विहिरींकडे आपण भलतीच गोष्ट मागतोय. वीज मागू नका, उष्णता मागा.

आधी यातलं तंत्र बघू. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणजे तीनेक किलोमीटर खोल विहिरीच्या तळाशी शंभर अंश किंवा थोडं जास्तच. भू-औष्णिक प्रकल्पात सगळ्यात खर्चिक आणि जोखमीचं काम खोदाईचं, ते इथे झालेलं असतं. एका नळीत दुसरी नळी टाकायची; बाहेरच्या पोकळीतून थंड पाणी खाली जातं, तापतं आणि आतल्या नळीतून वर येतं.

आता हिशोब. समजा, एका विहिरीतून सेकंदाला ५ लिटर गरम पाणी मिळालं आणि त्यातली ३० अंशांची उष्णता आपण काढून घेतली. अकरावीचं फिजिक्स आठवा : उत्तर येतं सुमारे ६३० किलोवॅट. ही उष्णता. एका जुन्या विहिरीकडून एवढी अपेक्षा ठेवणं म्हणजे तसा उदार अंदाज आहे. पण शंभर अंशांच्या आतल्या पाण्यापासून वीज करायची म्हटली, तर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा हाती लागतो. म्हणजे ६०-६५ किलोवॅट, आणि त्यातूनच पंप चालवायचे. साध्या यंत्रमागाची मोटर एक हॉर्सपॉवरची धरली, तर ऐंशी-पंच्याऐंशी माग चालतील. भिवंडीत माग लाखांनी मोजतात!

‘पण अलास्कात जमलं ना?’ असं कुणी म्हणेल. हो, चेना नावाच्या ठिकाणी २००६ पासून फक्त ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. पण तिथे यंत्र थंड करायला जवळपास बर्फाइतकं गार पाणी फुकटात मिळतं. गरम आणि गार यांच्यात जितका फरक, तितकी वीज. आमच्या वडप्याला मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा कोमट येतं. इथे ती जादू चालायची नाही.

तेच ६३० किलोवॅट उष्णता म्हणूनच वापरले तर? तासाला दीडशे किलो वाळलेलं लाकूड जाळून जेवढी उष्णता मिळते, तेवढी ही आहे. आता भिवंडीकडे बघा. माग विजेवर चालतात, पण मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाळवावं लागतं. ते सायझिंगमध्ये होतं आणि सायझिंगला लागते वाफ. डाइंगवाल्यांना हवं कढत पाणी. त्यासाठी बॉयलरखाली लाकडापासून चिंध्यांपर्यंत काय काय जातं, हे इथल्या चिमण्या बघून कळतं. तो धूर आधी कामगाराच्या छातीत जातो, मग आजूबाजूच्या वस्तीत.

नव्वद अंशांच्या पाण्याची वाफ होत नाही, हे खरं. पण ते बॉयलरमध्ये घातलं तर इंधन साधारण दहा टक्क्यांनी कमी लागतं. कापड धुवायला, रंगवायला तर ते थेट चालतं. आणि गंमत म्हणजे त्यातून गारवाही मिळतो! विजेच्या कॉम्प्रेसरऐवजी गरम पाण्यावर चालणारे चिलर बाजारात आहेत. मुंबई-नाशिक हायवेला वडप्याच्या आसपास गोडाऊनची रांग लागली आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग शेजारच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला, ती आणखी वाढणार. भाजी, फळं, औषधं ठेवायची तर गारवा लागणारच. वीज, वीज म्हणून ओरडताना आपल्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग मुळात गरम किंवा गार करण्यातच जातो, हे आपण विसरतो.

मग या विहिरी आहेत कुठे? इथे रील गप्प बसतं. महाराष्ट्राच्या तेलाचं नाव म्हणजे मुंबई हाय. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधलं, पण ते ठिकाण किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात. आइसलँडमध्ये २७ किलोमीटरच्या पाइपातून राजधानीला गरम पाणी जातं, पण भर समुद्रातून इथवर आणणं परवडणार नाही. उलट गुजरातेत अंकलेश्वरला १९६० पासून जमिनीवर तेलविहिरी आहेत आणि शेजारीच मोठी औद्योगिक वसाहत. विहीर आणि गिऱ्हाईक एकाच गावात! पहिला प्रयोग तिथे व्हायला हवा. राजस्थानात बाडमेरच्या विहिरींबद्दलही हालचाली झाल्या आहेत.

आपल्याकडे तेलविहीर नसली तरी तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी पन्नास अंशांच्या आसपास. खोल खोदलं तर आणखी गरम मिळेल का, हे तपासायला ओएनजीसीचा खोदाईचा अनुभव कामी येईल. पण त्या कुंडांवर कुणाची श्रद्धा आहे, कुणाचं हॉटेल, कुणाची फुलांची टोपली. लडाखमध्ये पुगा इथे ओएनजीसीने खोदाई सुरू केली, तेव्हा २०२२ मध्ये विहिरीतला द्रव तिथल्या ओढ्यात गेला आणि काम थांबवावं लागलं. म्हणून आधी ग्रामसभा, मग ड्रिल. कुंडं आटली तर ‘ग्रीन एनर्जी’ म्हणून कुणी टाळ्या वाजवणार नाही.

आणखी एक अट. तेल संपलं की विहीर सिमेंटने नीट बंद करणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि ते काम महाग असतं. ‘थांबा, आम्ही इथून वीज काढणार आहोत’ हे ते काम पुढे ढकलायचं निमित्त होता कामा नये. नीट न बुजवलेल्या विहिरीतून मिथेन गळू शकतो. म्हणून मुदत ठरवा : त्या वेळात उष्णतेला गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर विहीर बंद. तिचं बिल आपल्या पिढीच्या नावावर फाडू नका.

आणि आपण काय करायचं? इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला तेच ते सोलर मॉडेल बनवण्यापेक्षा एका सायझिंगला जा. किती अंशांचं पाणी लागतं, किती लाकूड जळतं, किती उष्णता धुराड्यातून वाया जाते, मोजा. कॉमर्सवाल्यांनो, ते रुपयांत मांडा. भिवंडीला किती उष्णता लागते याचा हिशोब आपल्या हातात असेल, तरच कुणी गरम पाणी द्यायला आलं की आपल्याला भाव करता येईल.