रुळावर पुढचा टॉवर आधीच ठाऊक असतो

मोबाइलच्या जाळ्याविषयीच्या बातम्यांत दोन आकडे हमखास असतात: ५जीचे किती टॉवर उभे राहिले आणि सेकंदाला किती मेगाबिट माहिती मिळते. धावत्या रेल्वेतल्या प्रवाशाला या आकड्यांचा उपयोग बेताचाच. त्याचे बोलणे अडखळते ते बहुधा एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना. या अदलाबदलीला हँडओव्हर म्हणतात. तिथे वाया जाणाऱ्या मिलिसेकंदांकडे भारतात व्हायला हवी तितकी चर्चा वळलेली नाही.

हा विलंब निष्काळजीपणातून आलेला नाही. त्याच्या मुळाशी भौतिकशास्त्र आहे. फोन शेजारच्या टॉवरचा संकेत सतत मोजत असतो. तो संकेत चालू टॉवरपेक्षा ठरावीक फरकाने, समजा ३ डेसिबलने, वरचढ ठरला आणि ठरावीक काळ वरचढच राहिला, तरच फोन तसे कळवतो. ही सावधगिरी आवश्यक आहे. इमारतींवरून आणि डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर असल्याने फोन काही सेंटीमीटर सरकला तरी संकेत चढतो किंवा कोसळतो. अशा प्रत्येक चढउतारावर विश्वास ठेवला तर फोन दोन टॉवरांमध्ये चेंडूसारखा टोलवला जाईल. या राखीव फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. हा शब्द चुंबकत्वातून उसना घेतलेला आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत लोखंडाचा वक्र काढलेल्या विद्यार्थ्यांना तो परका वाटणार नाही.

आता वेगाचा हिशेब पाहावा. वंदे भारत गाडी बहुतेक मार्गांवर ताशी कमाल १३० किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. प्रतीक्षेचा काळ ४८० मिलिसेकंद ठेवला तर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर फोनचा अहवाल जुन्या टॉवरकडे जातो, जुना टॉवर नव्याकडे जागा मागतो, नवा होकार देतो आणि ‘आता तिकडे जा’ हा आदेश जुन्या टॉवरमार्फत फोनकडे परततो. खरी मेख इथेच आहे. ज्या दुव्यावरून हा आदेश यायचा, तोच दुवा प्रत्येक मीटरागणिक क्षीण होत असतो. आदेश पोहोचला तर ४जीत साधारण ५० मिलिसेकंदांचा खंड पडतो, जो कानाला कळतही नाही. आदेश हरवला तर मात्र फोनला नव्याने टॉवर शोधून जोडणी उभी करावी लागते आणि ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. शिवाय सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये ११२८ आसने असतात. त्यांतले शेकडो फोन एकच सीमा जवळजवळ एकाच वेळी ओलांडतात.

यावर उपाय मानकांत लिहून ठेवलेले आहेत. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ३जीपीपीच्या सोळाव्या आवृत्तीत सशर्त हँडओव्हर आला. त्यात संकेत चांगला असतानाच पुढच्या टॉवरवर जागा राखली जाते, फोनला अट सांगून ठेवली जाते आणि ती पूर्ण होताच फोन नव्या आदेशाची वाट न पाहता निघतो. त्याच आवृत्तीतली दुसरी पद्धत नवा दुवा जुळेपर्यंत जुना सोडतच नाही. पहिलीविरुद्धचा आक्षेप खर्चाचा आहे: शहरातला फोन कोणत्या दिशेला वळेल हे ठाऊक नसल्याने तीन-चार टॉवरांवर जागा अडवून ठेवावी लागते.

शहराच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे, रेल्वेच्या बाबतीत अजिबात नाही. गाडी रूळ सोडून कुठे जाणार? पुढचा टॉवर कोणता हे आधीच ठाऊक असते, त्याच्या हद्दीत शिरण्याची वेळही बरीचशी सांगता येते. जागा एकाच ठिकाणी राखायची आहे. रुळालगतचे अनेक अँटेना जोडून त्यांचा एकच लांबट सेल करणे हा आणखी एक मार्ग. तसे केल्यास कित्येक हँडओव्हर उद्भवतच नाहीत.

प्रश्न केवळ प्रवाशांच्या गप्पांचा असता तर एवढा आग्रह धरायचे कारण नव्हते. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला ५ मेगाहर्ट्झ वर्णपट दिला, तो एलटीईवर आधारित संदेशवहन आणि सुरक्षा यंत्रणेसाठी. दिल्ली–मेरठ मार्गावरच्या नमो भारत गाड्यांची सिग्नल यंत्रणा एलटीईवरच चालते आणि त्या ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावतात. अशा यंत्रणेत ‘पुढे जाण्यास परवानगी’ हा संदेशच रेडिओने येतो. तो ठरलेल्या मुदतीत आला नाही तर गाडी ब्रेक लावते. यात अपघाताचा धोका नाही, पण वेळापत्रकाचे काय?

गंमत अशी की आंतरराष्ट्रीय ५जी निकषांत भारताने आग्रहाने नेलेली ग्रामीण कसोटी ‘कमी गती, मोठा सेल’ अशी होती. टॉवर सहा किलोमीटर अंतरावर आणि वापरकर्ता पायी किंवा संथ वाहनात, हे तिचे गृहीतक. खेड्यांसाठी ते योग्यच होते. त्याच खेड्यांमधून जाणाऱ्या रुळांची कसोटी मात्र वेगळी हवी. दूरसंचार कंपन्यांनी दिल्ली–मुंबई आणि दिल्ली–हावडा या दोन मार्गांवर तरी सशर्त हँडओव्हर सुरू करावा, आणि प्रत्येक सीमेवर किती मिलिसेकंदांचा खंड पडतो, किती हँडओव्हर फसतात, हे आकडे संशोधकांसाठी खुले करावेत. ते हाती आले तर कोणत्या टॉवरची प्रतीक्षा कमी करायची आणि कुठे सेल जोडायचे, हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थीही मांडून दाखवू शकेल.