हौस कोणाची, ओझे कोणाचे?



मिरजेच्या एका ताईंचे पत्र आले आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन त्या एस.टी.ने महाबळेश्वरला गेल्या होत्या. तिथे गोल्फच्या मैदानाच्या कडेने जाताना त्यांच्या धाकट्याने पाहिले, एक साहेब मोकळ्या हातांनी पुढे चालले आहेत आणि काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन एक पोरगा त्यांच्या मागे चालला आहे. मुलाने आईला विचारले, "तो पिशवीवाला कधी खेळतो?" ताईंना उत्तर सुचले नाही. त्यांनी प्रश्न माझ्याकडे पाठवून दिला.

आपल्या पानावर गोल्फ कशाला, असे काहींना वाटेल. प्रथम मलाही तसेच वाटले. पण प्रश्न पोराने बरोबर जागी नेऊन ठेवला आहे.

खेळ तसा सोपा. लहानसा कडक चेंडू काठीने टोलवत दूरच्या खळग्यात घालायचा, ज्याला कमी टोले लागतील तो जिंकला. स्कॉटलंडमधला हा खेळ गोऱ्या साहेबांनी इकडे आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. महाबळेश्वर तर मुंबईच्या गव्हर्नराचे उन्हाळी ठाणे. तिथला साहेबांचा क्लब १८८१ चा. पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात.

आता एक शब्द नीट समजून घेऊ. पैशासाठी न खेळता आवडीने खेळतो तो 'हौशी' खेळाडू. ऐकायला गोड वाटते. पण हौस करायला रिकामा वेळ लागतो, आणि मजुरी बुडाली तरी चूल पेटावी लागते. इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात धावण्या-उडण्याच्या शर्यतींसाठी हौशी कोण हे ठरवले, तेव्हा कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळले होते. ज्याचे हात कामाचे, तो हौशी नव्हे! १८८० साली ती अट गेली. आपल्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. तिकडे त्याला वर्ग म्हणत, इकडे जात म्हणतात.

अमेरिकेत गोल्फचा नियम असा होता की ठरावीक वयानंतर जो पैसे घेऊन पिशवी वाहील तो हौशी राहणार नाही. फ्रान्सिस विमेट हा एका माळ्याचा मुलगा. घरासमोरच्याच क्लबात तो पिशव्या वाहत असे. हौशी राहण्यासाठी सोळाव्या वर्षी त्याने ते काम सोडले. १९१३ साली, विसाव्या वर्षी, त्याच मैदानावर त्याने इंग्लंडच्या दोन नामांकित व्यावसायिकांना हरवून अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. त्या दिवशी त्याची पिशवी वाहणारा पोरगा दहा वर्षांचा होता. पुढे विमेटने खेळाच्या सामानाचे दुकान काढले, तर १९१६ मध्ये त्याला हौशांतून बाहेर काढले. दोन वर्षांनी परत घेतले.

हे झाले परक्या मुलखाचे. आपल्याकडे याची बरोबरी करायची तर गोल्फ सोडून क्रिकेटकडे यावे लागेल, आणि खुद्द साताऱ्यात यावे लागेल.

बाळू पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकरीला होते. रूळ फिरवायचा, खेळपट्टी आखायची, जाळी लावायची आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. ग्रेग साहेब एकदा बाद झाले की आठ आणे देत. बॅट मात्र बाळूंच्या हाती तिथे कधी दिली गेली नाही. मिरजेच्या मुलाचा प्रश्न तो हाच.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. मैदानावर सगळे त्यांच्याच हातातला चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत कपबशीतून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात देत. हा संघ साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. साताऱ्याच्या साहेबांनी बाळूंचा धसका घेऊन आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवला होता. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर सहज जिंकले. बरोबर खेळता तर बरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी तेव्हा चारचौघांत सुनावले. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले, म्हणजे सामना त्याआधीचा. साधारण त्याच काळात त्याच साताऱ्याच्या शाळेत आपला भीम घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता.

बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही आपण विसरत नाही. पण त्या मतांवरून त्यांच्या चेंडूचे माप घेऊ नये.

त्या मातीच्या भांड्याला पुढे गोल्फमध्येही जोड मिळाली. दक्षिण आफ्रिकेत पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी होता. लिहिता-वाचता येत नव्हते, काठी उलट्या हातांनी धरायचा. १९६३ साली डर्बनला नाताळची खुली स्पर्धा त्याने जिंकली. क्लबची इमारत गोऱ्यांची, त्यामुळे आत प्रवेश नाही. पाऊस पडत होता आणि त्याला ढाल बाहेर पावसात दिली गेली. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. थोड्याच वर्षांत सरकारने त्याचे खेळणेच बंद केले.

आपल्या जिल्ह्यातले खाशाबा जाधव यांचेही आठवते. गोळेश्वरचा हा पैलवान हौशी म्हणून १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. जायचा खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला, आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजार रुपयांसाठी राहते घर गहाण टाकले. हौशी असणे गरिबाला असे पडते.

आता ताईंच्या मुलाला उत्तर. होय, पिशवीवाला खेळतो. भारताची खुली गोल्फ स्पर्धा १९६५ मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. त्यानंतर ती जिंकणारा भारतीय १९९१ मध्ये मिळाला. तो अली शेर, दिल्लीच्या क्लबातला कॅडी. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात गवताची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकला. मात्र एक लक्षात घ्या. हे दोघेही हौशी म्हणून नव्हे, पोटासाठी खेळणारे म्हणून वर आले. हौशीच्या दारातून त्यांना कोण आत घेणार होते?

काही क्लबांत आठवड्याचा एक दिवस, बहुधा सोमवार, मैदान सभासदांना बंद असते आणि तेव्हा कॅडींना खेळू देतात. ताई, पुन्हा महाबळेश्वरला जाल तेव्हा मुलाला सोबत घेऊन त्या पिशवीवाल्या पोरालाच विचारा, इथे सोमवारी काय असते म्हणून. तो काय म्हणाला ते मला अवश्य कळवा.